२१२ डिग्रीचा माणूस

आपल्याकडे हवामान सेल्सिअसमध्ये, लॅबमधली रीडिंग्ज सेल्सिअसमध्ये, पण होस्टेलवर कुणाला ताप आला की आकडा ऐकू येतो १०१ नाहीतर १०२. म्हणजे फॅरनहाइट. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला ह्या माणसाबद्दल एवढंच शिकवलं: सी इन्टू नाइन बाय फाइव्ह प्लस थर्टी-टू. पाठ करा, मार्क घ्या. हा मनुष्य एकेकाळी अटकेचं वॉरंट चुकवत फिरत होता हे कळल्यावर मात्र मला त्याच्यात इंटरेस्ट वाटायला लागला.

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइटचा जन्म २४ मे १६८६ चा, डॅन्झिगचा, म्हणजे आताच्या पोलंडमधलं ग्दान्स्क. घर व्यापाऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. १४ ऑगस्ट १७०१ ला विषारी अळंबी खाण्यात आली आणि आई-वडील एकाच दिवशी गेले. पोरगा पंधरा वर्षांचा. पालकांनी त्याला व्यापार शिकायला अ‍ॅमस्टरडॅमला धाडलं. हिशेबाच्या वह्या लिहिता लिहिता त्याला काचेच्या नळ्या आणि थर्मामीटरचं वेड लागलं. वाट्याला येणाऱ्या इस्टेटीच्या भरवशावर तो कर्ज काढू लागला. कर्ज फेडायची वेळ पालकांवर येणार, म्हणून ते भडकले आणि १७०७ मध्ये त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर घालायचा हुकूम त्यांनी मिळवला. सरळ पूर्वेकडच्या बेटांवर रवानगी! हा पठ्ठ्या गावोगाव फिरत राहिला. १७०८ मध्ये कोपनहेगनला ओले रोमरला भेटला, त्याची थर्मामीटरवर खुणा करायची पद्धत बघितली आणि तीच पुढे सुधारून घेतली.

त्या काळी दोन थर्मामीटर शेजारी ठेवले तर दोघांचं एकमत होत नसे. फॅरनहाइटने केलेले दोन मात्र इतके तंतोतंत जुळले की हाले गावच्या प्रोफेसर वोल्फने १७१४ मध्ये त्यावर लेखच लिहिला.

पण मला स्वतःला खरी गंमत वाटते ती पुढच्या भागाची. पॅरिसच्या आमाँतोंने लिहिलं होतं की पाणी एका ठराविक उष्णतेलाच उकळतं, नंतर कितीही जाळ लावा, पारा वर चढत नाही. दुसरा कुणी वाचून पुढे गेला असता. ह्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आता अल्कोहोल पाण्याच्या आधीच उकळतं, म्हणजे अल्कोहोलचा थर्मामीटर ह्या कामाला बाद. मग पाऱ्याचा बनवला. पाऱ्याची ही आयडियाही आमाँतोंच्याच लेखातून सुचलेली.

पाण्यावर तो थांबला नाही. १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचे लेख छापले. त्यातल्या एकात उकळबिंदू आहेत: अल्कोहोल १७६, पावसाचं पाणी २१२, सल्फ्युरिक अ‍ॅसिड ५४६. अल्कोहोलचा आजचा आकडा १७३ आहे. तीनशे वर्षांपूर्वी, स्वतः फुंकलेल्या काचेवर, हे भारीच म्हणायचं.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. हवेचं प्रेशर बदललं की उकळबिंदूही हलतो. म्हणजे आमाँतोंचं म्हणणं खरं, पण प्रेशर तेच असेल तरच. (लॅबमध्ये पाणी ९८ ला उकळलं तर थर्मामीटरला शिव्या घालण्याआधी बॅरोमीटर बघावा.) ह्याच्यावरून त्याने उलटा डाव टाकला: उकळत्या पाण्यात थर्मामीटर ठेवून हवेचं प्रेशर मोजायचं उपकरण सुचवलं. त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. युनिव्हर्सिटीची डिग्री नाही, पोट चालायचं उपकरणं विकून आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये केमिस्ट्रीची लेक्चर्स देऊन.

श्रीमंत तो कधीच झाला नाही. लग्नही केलं नाही. १७३६ मध्ये सखल जमिनीतलं पाणी उपसायच्या एका यंत्राचं पेटंट घ्यायला हेगला गेला, तिथेच आजारी पडला आणि १६ सप्टेंबरला वारला. वय ५०. अंत्यविधी गरिबांचा करतात तसाच झाला.

त्याच्या स्केलवर पक्के बिंदू होते मीठ-बर्फाचं शून्य, वितळत्या बर्फाचे ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराचे ९६. पाण्याचे २१२ हे नुसतं रीडिंग होतं. तो गेल्यानंतर लोकांनी २१२ लाच पक्का बिंदू केलं, खुणा थोड्या सरकल्या, आणि शरीराचं ९६ सरकत ९८ च्या वर जाऊन बसलं.