योजनेच्या नावातला माणूस

पिंपरी पेंढारहून सकाळची एसटी पकडून ओतूर किंवा नारायणगावला कॉलेजला जात असाल, तर ‘कमवा आणि शिका’ची नोटीस तुम्ही बोर्डावर पाहिली असेलच. लायब्ररीत पुस्तकं लावायची, ऑफिसात मदत करायची, कॅम्पसमधली झाडं जगवायची आणि तासाप्रमाणे पैसे घ्यायचे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. आपण फॉर्म भरतो, पण नावातला माणूस बघायचं राहून जातं.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. कोल्हापुरात राजाराम हायस्कूलमध्ये शिकले, पण मॅट्रिक काही झाले नाहीत. साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणायचे. पुढे ओगले काच कारखाना आणि किर्लोस्कर यांचा माल खपवायला ते गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांना एक गोष्ट कळली. खेड्यातली पोरं हुशार होती, पण शाळा लांब आणि घरात खायची मारामार. नुसती फी माफ करून भागणार नव्हतं.

म्हणून १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. विचार करा, शंभर वर्षांपूर्वी! स्वयंपाकापासून शेतापर्यंतची कामं मुलंच करायची. तरी पैसे पुरेनात, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. खिशात पैसा नसलेल्या मुलानं अंगमेहनत करावी आणि शिकावं, हीच इथलीही रीत. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं मॅट्रिक न झालेल्या या माणसाला डी. लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी भाऊराव गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, देशात अप्रेंटिस कायदा आला. १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात इंजिनीअर आले. बी. ए., बी. कॉम. वाल्यांसाठी दार उघडायला २०१४ उजाडलं. आता नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाला क्रेडिट मिळतात. हा कायदा आणखी वाढवावा, जास्त विद्यार्थ्यांना कामाच्या जागी शिकता यावं, अशी चर्चा सारखी होते. व्हायलाच हवी. मी स्वतः इंटर्न आहे, काम करता करता जे कळतं ते वर्गात कळत नाही, हे रोज अनुभवते.

पण कायद्यात कंपनी, तास आणि स्टायपेंड ठरतो. भाऊराव आधी बघायचे की हा मुलगा राहणार कुठे आणि जेवणार काय. पुण्यात इंटर्नशिप मिळते, पण रूमचं भाडं आणि मेसचे पैसे पहिला स्टायपेंड यायच्या आधीच द्यावे लागतात. मग गावाकडची मुलगी गप्प बसते आणि पुण्यात घर असलेल्याला संधी मिळते. शिवाय काही ठिकाणी सहा महिने नुसत्या झेरॉक्सच काढायला लावतात. भाऊरावांकडे कामाचं कारणच शिक्षण होतं. शिकणं सुटलं, तर उरते ती फक्त स्वस्तातली मजुरी.

तेव्हा पुढचा फॉर्म भरताना बिनधास्त विचारा: इथे मला कोण शिकवणार? राहण्या-खाण्याचं काय? पहिला पैसा कधी हातात येणार? असं विचारण्यात आगाऊपणा काही नाही. याच प्रश्नांसाठी एका माणसानं चाळीस वर्षं घातली.