हृदयाची वाट

सन १९२९ मधील उन्हाळ्याचे दिवस. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावातील रुग्णालयात वेर्नर फोर्समन हा तरुण डॉक्टर उमेदवारी करीत होता. त्याचा जन्म १९०४ साली बर्लिन येथे झाला होता.

जिवंत माणसाच्या हृदयाला हात घालणे म्हणजे मृत्यूला पाचारण करणे, अशीच त्या काळी बहुतेक वैद्यांची समजूत होती. फोर्समनला मात्र एका जुन्या चित्राने झपाटले होते. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेतील नीलेतून नळी थेट हृदयात नेली होती, त्या प्रयोगाचे ते चित्र. शरीरातील नीला रक्त हृदयाकडे आणतात. मग माणसाच्या हातातील नीलेत घातलेली नळी हृदयाला का पोहोचू नये? तसे झाल्यास छाती न फोडता हृदयात औषध देता येईल. वरिष्ठांनी परवानगी साफ नाकारली.

उपकरणांच्या किल्ल्या एका परिचारिकेपाशी होत्या. फोर्समनने तिचे मन वळविले. प्रयोग आपल्यावरच होणार, या समजुतीने ती धीट बाई मेजावर निजली. त्याने तिचे हातपाय बांधले आणि स्वतःचाच डावा हात बधिर करून नीलेत नळी सरकविली! मग तिला मोकळे करून, नळी तशीच हातात ठेवून तो जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेला. तिने समोर धरलेल्या आरशात पडद्यावरील छाया पाहत त्याने नळी ६५ सेंटिमीटर आत नेली. तिचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचले होते. चित्र घेतले गेले.

कौतुक दूरच राहिले. बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयातील नोकरीही गेली. तो मूत्ररोगांच्या शस्त्रक्रियेकडे वळला. १९३२ मध्ये तो नाझी पक्षात शिरला, हा डाग त्याच्या चरित्रातून पुसता येत नाही. महायुद्धात तो सैन्यात डॉक्टर होता. पुढे युद्धकैदी झाला. इकडे न्यूयॉर्कमध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी त्याचीच रीत रुग्णांसाठी वाढविली. १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले, तेव्हा फोर्समन एका लहान गावात रुग्ण तपासीत होता. १९७९ साली तो मृत्यू पावला.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या छातीतील मोठी नीला कधीकधी आकसते आणि हात सुजून जड होतो. आज डॉक्टर नीलेच्याच मार्गाने तेथे पोहोचतात, लहानसा फुगा फुगवून ती रुंद करतात आणि गरज पडल्यास स्टेंट नावाची धातूची जाळीदार नळी आत ठेवून देतात. त्यांची नजर त्या वेळी क्ष-किरणांच्या पडद्यावरच खिळलेली असते.