वृंदावनलाल वर्मा : वकिली, शिकार आणि कादंबरी

झाशी म्हटले की मराठी वाचकाला राणी लक्ष्मीबाई आठवते. याच मातीत जन्मलेल्या आणि राणीची कथा हिंदी वाचकांच्या घराघरांत पोहोचवणाऱ्या लेखकाचे नाव मात्र महाराष्ट्रात फारसे घेतले जात नाही. हा लेखक म्हणजे वृंदावनलाल वर्मा. पेशाने वकील, छंदाने शिकारी आणि वृत्तीने कादंबरीकार असलेल्या वर्मा यांनी बुंदेलखंडातील पडक्या गढ्यांना हिंदी साहित्यात स्थान मिळवून दिले.

वर्मा यांचा जन्म ९ जानेवारी १८८९ रोजी झाशी जिल्ह्यातील मऊरानीपूर येथे झाला. मऊरानीपूर, टहरौली, गरौठा हा सारा बेतवा आणि धसान या नद्यांच्या दरम्यानचा मुलूख. खडकाळ जमीन, खुरटी जंगले, नदीकाठच्या घळी आणि टेकड्यांवरील जुने किल्ले, असे त्याचे रूप. वर्मा यांचे पणजोबा आनंदराय हे राणीच्या बाजूने लढताना मऊ येथे धारातीर्थी पडले होते. त्यामुळे १८५७-५८ च्या संग्रामाच्या हकिकती त्यांनी पुस्तकात वाचण्यापूर्वीच घरातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडून ऐकल्या.

लेखनास त्यांनी लवकर आरंभ केला. १९०९ साली त्यांची कथा ‘सरस्वती’ या प्रतिष्ठित मासिकात प्रसिद्ध झाली. त्याच सुमाराचे त्यांचे ‘सेनापति ऊदल’ हे नाटक इंग्रज सरकारने जप्त केले. विशीतील लेखकाला हा धडाच होता. पुढे ग्वाल्हेरच्या व्हिक्टोरिया कॉलेजातून पदवी आणि आग्र्याहून कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९१६ च्या सुमारास झाशीत वकिली सुरू केली.

वकिलीने त्यांना चरितार्थ दिला, तसा पुराव्याकडे पाहण्याचा डोळाही दिला. शिकारीच्या छंदाने त्यांना मुलूख दाखवला. बंदूक घेऊन ते जंगलात जात, रात्र रात्र मचाणावर किंवा खड्ड्यात बसून राहत. गावकऱ्यांची बोली, त्यांची गाणी, गढ्यांच्या दंतकथा त्यांनी याच भटकंतीत गोळा केल्या. या अनुभवांवर त्यांनी ‘दबे पाँव’ हे पुस्तकही लिहिले.

त्यांच्या पहिल्या मोठ्या ऐतिहासिक कादंबरीचा जन्मही शिकारीतूनच झाला. १९२७ साली एका रात्री ते सावजाची वाट पाहत बसले होते. समोर कुंडारचा किल्ला दिसत होता. सावज आले नाही, पण किल्ल्याची कथा त्यांच्या मनात आकार घेऊ लागली. अवघ्या दोन महिन्यांत ‘गढ़ कुंडार’ लिहून पूर्ण झाली. खंगार राजवटीचा अंत होऊन बुंदेल्यांची सत्ता कशी आली, हे तिचे कथानक आहे. जातीचा अभिमान, त्यात चिरडली जाणारी प्रेमे आणि विवाहाच्या निमित्ताने झालेला विश्वासघात यांचे चित्रण तीत आहे. कुंडारचा हा किल्ला आता मध्य प्रदेशातील निवाडी जिल्ह्यात असून झाशी जिल्ह्याची हद्द तेथून जवळच आहे.

त्यानंतर ‘विराटा की पद्मिनी’, ‘कचनार’, ‘मृगनयनी’ अशा कादंबऱ्या आल्या. १९५० ची ‘मृगनयनी’ ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर आणि त्याची गुजर राणी यांच्यावर आधारलेली असून अनेक समीक्षक तीच त्यांची सर्वोत्कृष्ट कृती मानतात. मराठी वाचकांना जवळचे वाटतील असे विषयही त्यांनी हाताळले. अहिल्याबाई होळकर आणि माधवजी शिंदे, म्हणजेच महादजी शिंदे, यांच्यावर त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांची सर्वाधिक वाचली गेलेली कादंबरी म्हणजे १९४६ ची ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’. या कादंबरीमागे एका मराठी ग्रंथाशी असलेला मतभेद आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली राणीचे चरित्र प्रसिद्ध केले होते. राणी इंग्रजांशी एकनिष्ठ राहू इच्छित होती आणि परिस्थितीने तिला लढणे भाग पाडले, असा पारसनीसांच्या मांडणीचा रोख होता. घरात ऐकलेल्या हकिकतींशी वर्मा यांना हे जुळेना. राणी नाइलाजाने लढली की स्वराज्यासाठी, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. वकिलाच्या चिकाटीने त्यांनी जुनी कागदपत्रे पाहिली, तो काळ पाहिलेल्या वृद्धांच्या साक्षी घेतल्या आणि आपला कौल स्वराज्याच्या बाजूने दिला.

हा कौल सर्वांनी मान्य केला असे नाही. जून १८५७ मध्ये राणीने जबलपूरचे इंग्रज अधिकारी अर्स्किन यांना मदतीसाठी पाठवलेली पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांचा अर्थ कसा लावावा याबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. कादंबरीत राणीची प्रतिमा आदर्शाकडे झुकते, हा आक्षेपही निराधार नाही. तथापि या कादंबरीने आणखी एक मोठे काम केले. झलकारी कोरी हिच्यासारखी लोकस्मृतीत जगणारी सामान्य घरातील स्त्री तिच्यामुळे असंख्य वाचकांना परिचित झाली. दरबारी कागदांत ज्यांना जागा नव्हती, त्यांना वर्मा यांनी कथेत जागा दिली.

वर्मा केवळ लेखनात रमले नाहीत. झाशीच्या सार्वजनिक जीवनात आणि सहकार चळवळीत त्यांनी भाग घेतला. शेतीचा प्रयोग मात्र त्यांना तोट्यात घेऊन गेला आणि कर्जाचा भार सोसावा लागला. तरीही त्यांची लेखणी थांबली नाही. कादंबऱ्यांबरोबरच नाटके, कथा आणि ‘अपनी कहानी’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. आग्रा विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही पदवी दिली, तर १९६५ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

इंग्रजी साहित्यातील वॉल्टर स्कॉट यांच्याशी त्यांची तुलना केली जाते. स्कॉट यांनी स्कॉटलंडचा डोंगराळ प्रदेश वाचकांपुढे उभा केला, तसा वर्मा यांनी बुंदेलखंड उभा केला. राणी लक्ष्मीबाईचे माहेर तांब्यांचे आणि सासर नेवाळकरांचे. दोन्ही घराणी मराठी. तिच्या लढ्याची आठवण बुंदेली माणसांनी कशी जपली, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकाने वर्मा यांची कादंबरी पारसनीसांच्या चरित्राशेजारी ठेवून अवश्य वाचावी.