लक्ष्मीबाई टिळक

भगिनींनो, कल्याणहून नाशिकच्या गाडीत आपण सगळ्याच कधी ना कधी बसलेल्या आहोत. त्या नाशिकजवळ जलालपूर नावाचे गाव आहे. तेथील गोखल्यांच्या घरी १८६८ साली मनकर्णिका जन्मली, तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक. वडिलांचे सोवळे फार कडक. बाजारातून आलेला जिन्नस पाणी लागल्यावाचून घरात घ्यायचा नाही, मग तो नासो की राहो! अशा घरातली ही मुलगी पुढे ख्रिस्ती झाली.

अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. यजमान नारायण वामन टिळक हे कवी, मनाचे मोठे, पण तापट, आणि पाय एका ठिकाणी ठरत नसे. आज नोकरी तर उद्या नाही. बायको कधी सासरी, कधी बहिणीकडे. पहिली मुले हाती लागली नाहीत, मग दत्तू झाला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय, हे आपल्या आजीला विचारले असते तर तिने सांगितले असते. नवरा जिवंत, कपाळी कुंकू, आणि संसार मात्र उठलेला. लहान दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातलगांच्या आसऱ्याने नाशिक, पंढरपूर येथे राहिल्या. अशी चार-पाच वर्षे गेली. रडून रडून प्रकृती ढासळली.

नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको झाली, असे पुष्कळजणी समजतात. ते तितकेसे खरे नाही. लक्ष्मीबाई टिळकांकडे परत गेल्या त्या आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवूनच. टिळकांनीही बळजबरी केली नाही. मग त्यांच्याच मनाने प्रश्न घातला, की ही जात देवाने केली की माणसाने? माणसाने, असे उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी आधी शिवाशीव टाकली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. मला तर या क्रमाचेच फार वाटते. दुसऱ्याच्या सांगण्यावरून धरलेली श्रद्धा पुढच्या दिवसांत टिकली नसती.

कारण पुढचे दिवस सोपे नव्हते. अहमदनगरच्या घरात पगार थोडा आणि पानावर माणसे फार. परक्यांची मुले आपली म्हणून वाढवायची. प्लेगच्या साथीत लोक आपल्या माणसांपासून दूर पळत, तेव्हा बाई आजाऱ्यांच्या उशाशी बसल्या. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरात मुलासारखे राहिले होते. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला. म्हणजे घरधनी पुन्हा एकदा घराबाहेर! ५ मे १९१८ रोजी बालकवी जळगावजवळ भादलीला आगगाडीखाली सापडले. त्यानंतर पुरते एक वर्ष झाले न झाले, तो ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.

पहिल्या वियोगात ज्या बाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्या या वेळी पदर खोचून उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली ही विधवा मुंबईस मुलींच्या वसतिगृहात मेट्रन झाली. दुःख कमी होते असे नव्हे. पण पहिल्या वेळी त्यांचा सगळा आधार एका माणसात होता. आता तो ख्रिस्ताच्या ठायी होता. प्रार्थना करावी आणि कामाला लागावे. पुढे मुलाबरोबर कराचीलाही राहून आल्या.

टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओव्यांत लिहायला घेतले होते. ‘ख्रिस्तायन’ त्याचे नाव. थोडेच अध्याय होऊन ते राहिले होते. बाईंनी ते हाती घेऊन तडीस नेले. जोडाक्षरे लिहिताना अडणाऱ्या बाईने! ओवी मात्र त्यांना शिकावी लागली नसेल, जात्यावरच ती कानी पडलेली.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने निघाली. मंडळाच्या भगिनींनी ती अवश्य वाचावी. इतके सोसूनही बाई स्वतःवर हसतात, आणि सोडून गेलेल्या नवऱ्याविषयी कडू शब्द नाही. दुपारच्या वेळी एकीने मोठ्याने वाचले तर डाळ-तांदूळ निवडता निवडता चौघींचे ऐकून होईल.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई नाशिक येथे वारल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले ते त्यांच्या पश्चात.