जंगलाची प्रकृती पाहणारा डॉक्टर

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अवर्षण, भूजलाचा बेसुमार उपसा अशी त्याची अनेक कारणे होती. पण डोंगर उघडे पडले की खालचे झरे का आटतात, हा प्रश्न महाराष्ट्रात एका डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच सरकारपुढे मांडला होता. ते होते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन.

गिब्सन यांचा जन्म १८०० चा, स्कॉटलंडमधला. एडिंबरोला वैद्यक शिकून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत शल्यचिकित्सक झाले. दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या काळी लस साठवणे अवघड होते. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून ती दुसऱ्या मुलाला दिली जाई. त्यासाठी गावोगाव हिंडावे लागे आणि लोकांच्या भाषेत बोलावे लागे. गिब्सन मराठी शिकले. या भटकंतीत वनस्पतींची ओळख झाली आणि वाढत गेली.

१८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यान त्यांच्याकडे सोपवले गेले. तेथे सोनामुखी, खुरासानी ओवा यांसारख्या औषधी वनस्पतींची लागवड करून त्यांनी सरकारी दवाखान्यांना औषधे पुरवली. दरम्यान, सह्याद्रीतील तोड त्यांना दिसत होती. जहाजांना साग हवा होता, शहरांना सरपण. १८४७ मध्ये ते वनसंरक्षक झाले. पुढे १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि स्लीपरसाठी लाकडाची मागणी आणखी वाढली.

वृक्षतोडीमुळे पाऊसच कमी होतो, असे त्या काळी अनेकांना वाटे. आपल्याकडचा पाऊस मुख्यतः मोसमी वाऱ्यांवर ठरतो. पण पडलेले पाणी जिरवण्याचे काम जंगल करते, हे पक्के आहे. उंच झाडे, त्याखालची लहान झाडे, झुडपे, गवत आणि तळाचा पालापाचोळा अशा एकाखाली एक थरांवर सर आपटते आणि तिचा जोर मोडतो. मुळांनी भुसभुशीत केलेल्या मातीत पाणी मुरते. हे थर गेले की तेच पाणी माती घेऊन ओढ्याला धावते.

तोडलेले जंगल परत येते, पण टप्प्याटप्प्याने. आधी गवत, मग तरवड, बोर अशी झुडपे, त्यांच्या आडोशाने पळस, आणि बऱ्याच वर्षांनी साग, ऐन, धावडा. यालाच शास्त्रात अनुक्रमण म्हणतात. सागाच्या बुंध्याला तर धुमारेही फुटतात. मात्र दरवर्षी वणवा लागला, रोपटी गुरांनी खाल्ली किंवा माती वाहून गेली, तर हा क्रम गवतावरच अडकतो. खपली धरलेली जखम रोज खरवडण्यासारखेच हे.

डोंगर जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीला गिब्सन यांचा विरोध होता. त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. जमीन पुरेशी वर्षे पडीक ठेवली, तर अशा शेतीनंतरही जंगल परतते. सरकारी निर्बंधांचा भार मात्र पुढे डोंगरातल्या गरिबांवर जास्त पडला.

गिब्सन १८६० मध्ये निवृत्त झाले. त्यांच्यानंतर वनसंरक्षक झालेल्या डॅल्झेल यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ १८६१ मध्ये आला. १८६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने त्यांच्या अधिकाराबाहेर होता. आज नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे सागाचे जंगल टिकून आहे. लातूर मात्र राज्यातील सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत मोडतो. तेथे पावसाळ्यात रोपे लावणे हा उपचाराचा एक भाग झाला. माळ आणि गायरानांचा काही भाग आळीपाळीने चराई व वणव्यापासून राखला, तर गवत आणि झुडपे पुढची वाट स्वतःच तयार करतात. त्याला लागणारा वेळ मात्र द्यावा लागतो.