गंज थांबला, शेवाळ आले

संगणक स्वतःच्या हाताने जोडणाऱ्या हौशी मंडळींमध्ये प्रोसेसर पाण्याने थंड ठेवण्याची एक पद्धत आहे. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्यातून पंपाने पाणी खेळवायचे आणि तापलेले पाणी पंख्यासमोरच्या रेडिएटरमध्ये नेऊन निववायचे. नवख्याकडून हटकून होणारी चूक म्हणजे ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर स्वस्तातला, अ‍ॅल्युमिनियमचा. काही महिन्यांत पाणी गढूळ होते, ठोकळ्यातल्या बारीक खाचा चोंदतात, अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडतात आणि एखाद्या दिवशी पाणी थेट मदरबोर्डवर गळते. दोन धातू एका पाण्यात आले की त्यांतला एकच का झिजतो, आणि ही झीज आपल्याला हवी तिकडे कशी वळवता येते, हे प्रयोगाने दाखवून देणारा माणूस १८२९ साली वारला. या शोधाने त्याच्या पदरी कौतुक कमी आणि टिंगलच जास्त पडली.

हंफ्री डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करीत. ते १७९४ मध्ये गेले, तेव्हा घरावर कर्ज होते. थोरला मुलगा म्हणून हंफ्री पुढच्याच वर्षी गावातल्या एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागला. औषधे कुटता-गाळताना त्याला रसायनांचा नाद लागला आणि डॉक्टरकी मागे पडली. १७९८ मध्ये ब्रिस्टलला डॉ. थॉमस बेडोज यांच्या संस्थेत तो दाखल झाला. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे करता येतील का, हे तिथे तपासले जात होते. विशीतला हा तरुण प्रयोग आधी स्वतःवर करी. एकदा कार्बन मोनॉक्साइडयुक्त वायू ओढून तो मरता मरता वाचला. नायट्रस ऑक्साइडने, म्हणजे हास्यवायूने, वेदना जाते हे त्याने १८०० सालच्या पुस्तकात नोंदवले आणि शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग व्हावा असेही सुचवले. दंतवैद्यांनी ही सूचना प्रत्यक्षात आणायला १८४४ साल उजाडावे लागले. मधल्या काळात ज्यांचे दात आणि अवयव शुद्धीवर असताना काढले गेले, त्यांची गणती कोण करणार!

१८०१ मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले. व्होल्टा यांचा विद्युतघट नुकताच प्रसिद्ध झाला होता. धातूच्या चकत्यांच्या जोड्या आणि मध्ये खारट पाण्याने भिजवलेला पुठ्ठा एवढ्यावर वीज वाहते, याचा अर्थ डेव्हींनी नेमका ओळखला. पदार्थांचे एकमेकांशी रासायनिक नाते विजेचेच आहे, आणि वीज उलटी लावली तर ते नाते तोडताही येईल, असा त्यांचा तर्क होता. १८०७ मध्ये त्यांनी याच वाटेने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले, पुढच्या वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम. पोटॅशियमचे मणी पेट घेताना पाहून ते प्रयोगशाळेत नाचले म्हणतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते इतके आजारी पडले की लोकांच्या विचारपुशीला उत्तर म्हणून संस्थेला त्यांच्या प्रकृतीची निवेदने काढावी लागली. पुढे सर ही पदवी, मायकेल फॅरडेंसारखा मदतनीस, खाणकामगारांसाठी १८१५ चा सुरक्षित दिवा (त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही) आणि १८२० मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, असा हा चढता आलेख आहे. आपली गोष्ट मात्र त्यानंतर सुरू होते.

त्या काळच्या लाकडी युद्धनौकांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. तांब्यामुळे लाकूड पोखरणारे समुद्री किडे आत शिरत नसत आणि तळाला शेवाळ धरत नसे. शेवाळलेली नौका संथ चालते आणि लढाईत संथ नौका म्हणजे संकट. १७६१ मध्ये ‘अलार्म’ या नौकेवर हा प्रयोग पहिल्यांदा झाला तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली होती. दोन वर्षांनी तपासणी केली तर तांबे शाबूत, पण त्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेलेले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी मध्येच राहून गेला होता. तिथले खिळे मात्र जसेच्या तसे! आरमाराने पुढे लोखंडी खिळ्यांऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे वापरले. खिळे वाचले, तरी पत्र्यांची झीज उरलीच. ते वारंवार बदलण्याचा खर्च मोठा होता. म्हणून आरमाराच्या अधिकाऱ्यांनी १८२३ मध्ये रॉयल सोसायटीचा सल्ला मागितला.

तांब्यात भेसळ असल्याने ते झिजते, अशी समजूत होती. डेव्हींनी ती बाजूला सारली. खारे पाणी, त्यात विरघळलेली हवा आणि तांबे एवढे एकत्र आले की झीज होणारच. मग तांब्याला त्याच्यापेक्षा लवकर विरघळणाऱ्या धातूची सोबत दिली तर? त्यांनी समुद्राच्या पाण्यात तांब्याचा पत्रा ठेवून त्याला जस्ताचा वाटाण्याएवढा तुकडा जोडला. चाळीस-पन्नास चौरस इंच तांबे स्वच्छ राहिले, जस्त विरघळत गेले. तांब्याच्या पृष्ठभागाच्या चाळिसाव्या ते दीडशेव्या भागाइतके जस्त किंवा लोखंड पुरते, हा हिशेबही त्यांनी मांडला. मोठ्या धातूच्या वाट्याची झीज लहान तुकड्याने अंगावर घ्यायची, ही ती युक्ती. १८२४ च्या जानेवारीत त्यांनी हे काम सोसायटीपुढे ठेवले. अरबी समुद्राकाठी कोचीनला बांधलेल्या ‘समरंग’ या युद्धनौकेला त्याच वर्षी लोखंडी रक्षक बसवले गेले. ‘कॉमेट’ या आगबोटीतून डेव्ही स्वतः उत्तर समुद्रात चाचण्या घ्यायला निघाले.

तांबे खरोखरच वाचले. झिजेच्या बाबतीत डेव्हींचा एक शब्दही चुकला नाही. पण काही महिन्यांनी नौका गोदीत परतू लागल्या, तेव्हा अनेकींच्या तळाला शेवाळाची दाढी आणि कवचधारी बार्नॅकल जिवांचा थर होता. तळ स्वच्छ राहत होता तो तांबे हळूहळू विरघळत असल्यामुळेच. विरघळलेले तांबे त्या जिवांना विष होते. झीज थांबली तसे विषही थांबले, आणि रक्षकांभोवती जमणाऱ्या क्षारांच्या थरावर त्यांना आयता थारा मिळाला. १८२५ च्या जुलैमध्ये समुद्रावर जाणाऱ्या नौकांवरचे रक्षक काढण्याचा हुकूम निघाला. वर्तमानपत्रांनी अध्यक्षमहाशयांची यथेच्छ थट्टा केली. डेव्ही स्वभावाने मानी, काहीसे गर्विष्ठही. त्यांना हे फार लागले. प्रयोगशाळेतल्या भांड्यातून थेट आरमारावर उडी घेण्याची घाई मात्र त्यांच्याकडून झालीच होती. लांबच्या सफरी करून आलेल्या दोन-चार नौका आधी पाहिल्या असत्या तर हे टळले असते.

१८२६ च्या अखेरीस त्यांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. १८२७ मध्ये अध्यक्षपद सोडून ते हवापालटासाठी युरोपात फिरत राहिले, मासेमारीवर पुस्तक लिहीत राहिले. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढे पोलादी जहाजे आली आणि जस्ताचे ठोकळे परतले, ते आजही सुकाणू आणि पंख्याजवळ बसवलेले दिसतात. शेवाळाची जबाबदारी आता त्यांच्यावर नसते. ते काम तांब्याची संयुगे घातलेला वेगळा रंग करतो. घरच्या गिझरच्या पोलादी टाकीत असते ती कांडी तर मॅग्नेशियमची, म्हणजे खुद्द डेव्हींनीच वेगळ्या केलेल्या धातूची. ती झिजून संपली की टाकीची पाळी येते, म्हणून ती वेळच्या वेळी बदलावी लागते.

संगणकाच्या पाण्यात असा बळीचा तुकडा टाकून चालत नाही, कारण त्याचा गाळ बारीक खाचांतच जाऊन बसेल. तिथे ‘अलार्म’चा धडा उपयोगी. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा ही एकमेकांच्या जवळची मंडळी. त्यांच्यात अ‍ॅल्युमिनियम येऊ द्यायचे नाही, मग तो रेडिएटर असो की एखादा किरकोळ जोड. नळाच्या पाण्यातले क्लोराइड आणि क्षार वीज वाहायला मदत करतात, म्हणून पाणी ऊर्ध्वपातित घ्यायचे. तेही धातू विरघळत जाऊन हळूहळू वाहक होतेच, तेव्हा त्यात गंजरोधक लागतो. बेन्झोट्रायझोलसारखे रसायन तांब्यावर पातळ थर धरते आणि झीज रोखते. पण झीज रोखली की पाण्यात उतरणारे तांबेही कमी होते आणि नळीत हिरवी झाक येण्याचा धोका वाढतो. म्हणून चांगल्या कूलंटमध्ये गंजरोधकासोबत शेवाळनाशकही वेगळे घातलेले असते. दोन्ही वापरात संपत जातात, त्यामुळे बाटलीवर सांगितलेल्या मुदतीला पाणी बदलायचे, ते कितीही स्वच्छ दिसत असले तरी.