हवाईची राणी एमा: प्रेम, एक गोळी आणि एक हॉस्पिटल

हवाई आज अमेरिकेचं राज्य असलं, तरी १९व्या शतकात या बेटांवर स्वतःचा राजा होता. राजा कामेहामेहा चौथा आणि सरदार घराण्यातली एमा एकाच शाळेत शिकलेले. १८५६ मध्ये त्यांचं लग्न झालं.

तेव्हा बाहेरून आलेल्या देवी, गोवराच्या साथींनी हवाईयन माणसं भराभर मरत होती. सरकारी तिजोरीत खडखडाट. मग राजा-राणी चक्क दारोदार फिरले आणि हॉस्पिटलसाठी वर्गणी गोळा केली.

त्याच सुमारास, १८५९ मध्ये, एमा आणि राजाचा सेक्रेटरी हेन्री नील्सन यांच्याबद्दल अफवा उठली. दारूच्या नशेत राजाने नील्सनवर गोळी झाडली. अफवा निराधार होती. पश्चात्तापाने राजा गादी सोडायला निघाला, पण मंत्र्यांनी त्याला थांबवलं.

१८६२ मध्ये नील्सन गेला. त्याच वर्षी एमाचा एकुलता एक मुलगा अल्बर्टही गेला, अवघ्या चार वर्षांचा. पुढच्या वर्षी राजा. वय २९.

एमाने पुन्हा लग्न केलं नाही. १८७४ मध्ये ती गादीसाठी निवडणुकीत उतरली, हरली. १८८५ मध्ये ती वारली, तेव्हा संपत्तीचा मोठा वाटा हॉस्पिटलच्या नावे होता. होनोलुलूतलं ते क्वीन्स हॉस्पिटल अजून चालू आहे.